पेंढ्याची विस्मृती : समुद्रावरचे तेल आणि शेतातले पाचट

दर काही महिन्यांनी एकच बातमी नव्या वेषात येते. कुठल्याशा प्रयोगशाळेने भाताच्या तुसापासून, उसाच्या चिपाडापासून किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसापासून समुद्रावर सांडलेले तेल शोषून घेणारा पदार्थ तयार केलेला असतो. चित्रफितीत काचेच्या भांड्यातले काळे पाणी पाहता पाहता नितळ होते आणि मथळ्यात ‘क्रांतिकारी शोध’ हे शब्द झळकतात.

प्रयोगशाळेतल्या कामाविषयी तक्रार नाही. त्यात अनेकदा खरी मेहनत असते. तक्रार ‘शोध’ या शब्दाविषयी आहे. शेतातल्या काडीकचऱ्याने समुद्राचे तेल टिपण्याचा प्रयोग १९६९ साली, भर दिवसा, पत्रकारांच्या कॅमेऱ्यांसमोर, गाड्या भरभरून पेंढा ओतून झालेला आहे. तो कुठे साधला, कुठे फसला आणि अर्धशतक उलटल्यावरही तो नवा म्हणून का सांगावा लागतो, हा प्रश्न विज्ञानाच्या पानावरचा कमी आणि इतिहासाच्या पानावरचा अधिक आहे. त्याची सुरुवात मात्र त्याच्याही दोन वर्षे आधी, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी होते.

१८ मार्च १९६७, शनिवारची सकाळ. कुवेतहून निघालेले ‘टॉरी कॅन्यन’ हे तेलवाहू जहाज वेल्समधल्या मिलफर्ड हेवन बंदराकडे चालले होते. पोटात सुमारे १,२०,००० टन कच्चे तेल. बंदरात शिरण्यासाठी मोठ्या भरतीची वेळ साधणे भाग होते. ती चुकली तर कित्येक दिवस बाहेर थांबावे लागणार होते. कप्तानाने सिली बेटांच्या पश्चिमेचा लांबचा वळसा टाळून बेटे आणि ‘सेव्हन स्टोन्स’ खडक यांच्यामधली जवळची वाट धरली, आणि त्याच खडकांवर जहाज चढले. काही तासांची बचत हवी होती. तिच्यापायी दोन देशांचे किनारे काळे झाले.

इतक्या मोठ्या तेलगळतीला कसे सामोरे जायचे, याचा अनुभव तेव्हा कोणालाच नव्हता. ब्रिटिश सरकारने एकामागून एक उपाय केले. जहाज फुटल्यावर २८ ते ३० मार्च असे तीन दिवस नौदलाच्या आणि हवाई दलाच्या विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. तेल पेटावे म्हणून विमानाचे इंधन आणि नापामही ओतला. परंतु ही बॉम्बफेक म्हणजे या कथेतला केवळ देखावा. खरी कथा पिंपांत होती. पहिल्याच दिवसापासून समुद्रावर आणि नंतर कॉर्नवॉलच्या किनाऱ्यांवर डिटर्जंट ओतले जाऊ लागले. एकूण सुमारे १०,००० टन. त्यांतले प्रमुख होते ‘बीपी १००२’. जहाज भाड्याने घेतले होते बीपीने, आणि तेलावरचे औषधही बीपीचेच. हा योगायोग असेलही. पण ज्याने सांडले त्याच्याच कारखान्यात सांडलेल्यावरचा उतारा तयार व्हावा, ही व्यवस्था पुढच्या पन्नास वर्षांत पुन्हा भेटणार आहे.

डिटर्जंट नेमके काय करते, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. ते तेल उचलत नाही. पृष्ठभागावरचा तवंग फोडून त्याचे सूक्ष्म थेंब करते आणि ते थेंब खालच्या पाण्यात मिसळतात. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्र स्वच्छ झालेला दिसतो. छायाचित्रकाराला काळे पाणी मिळत नाही, मंत्र्याला निवेदन करता येते. तेल मात्र तिथेच असते. फक्त आता ते माशांच्या कल्ल्यांपर्यंत आणि खडकांच्या कपारींपर्यंत पोचलेले असते. शिवाय १९६७च्या त्या मिश्रणातला द्रावक स्वतःच तेलाहून अधिक विषारी होता.

याचा पुरावा खडकांवर लिहिला गेला. कॉर्नवॉलच्या खडकांना लिंपेट नावाचे, छोट्या टोपीसारख्या कवचाचे प्राणी चिकटून राहतात. खडकावरचे शेवाळ खरवडून खाणे हा त्यांचा आयुष्यभराचा उद्योग. जिथे डिटर्जंट ओतले तिथे लिंपेट मेले आणि खरवडणारे कोणी न उरल्यामुळे खडक हिरवेगार झाले. पाहणाऱ्याला ते नवे जीवन वाटले असेल. प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेतल्या जीवशास्त्रज्ञांना ते स्मशानावरचे गवत आहे हे कळत होते. त्यांनी पुढची कित्येक वर्षे ते खडक मोजले. भरपूर डिटर्जंट मिळालेल्या पोर्थलेव्हनसारख्या जागा पूर्वपदावर यायला दहा वर्षे, काही बाबतींत पंधरापर्यंत वर्षे लागली. गॉड्रेव्हीला मात्र सीलच्या काळजीपोटी डिटर्जंट ओतलेच नव्हते. तिथे तेल आले, काळे झाले, आणि दोन-तीन वर्षांत खडक सावरले.

म्हणजे काहीही न केलेला किनारा ‘स्वच्छ’ केलेल्या किनाऱ्याच्या कितीतरी आधी बरा झाला. तेलगळतीच्या इतिहासात याहून मोठा धडा क्वचित सापडेल. तो पुस्तकांत आहे. निर्णय घेणाऱ्यांच्या टेबलावर तो फार वेळ टिकला नाही.

फ्रान्सने ब्रिटनचे पाहून हात आखडता घेतला. ब्रिटनीच्या किनाऱ्यावर शिंपल्यांची शेती आणि मासेमारी हाच लोकांचा पोटापाण्याचा धंदा, त्यामुळे तिथे सैनिक आणि गावकरी फावडी, बादल्या घेऊन उतरले. ‘काळी भरती’ या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग याच वसंतात रूढ झाला. पण फ्रेंचांना संत ठरवण्याचे कारण नाही. बिस्केच्या उपसागरात त्यांनी चॉकची पूड टाकून तवंग सरळ तळाशी बुडवला. तोही तेल डोळ्यांआड करण्याचाच प्रकार.

आणि ग्वर्न्सी बेटावर काय झाले? तिथे किनाऱ्यावरचे तेल उपसून एका जुन्या दगडखाणीत साठवले गेले. ती खाण पुढे ‘टॉरी कॅन्यन खाण’ याच नावाने ओळखली जाऊ लागली. एकविसावे शतक उजाडले तरी तेल त्या खाणीत होते. डोळ्यांआड केलेले तेल कोणाचीही वाट पाहू शकते.

आता कॅलिफोर्निया. २८ जानेवारी १९६९ रोजी सांता बार्बराच्या किनाऱ्यापासून सुमारे १० किलोमीटरवर, युनियन ऑइल कंपनीच्या ‘प्लॅटफॉर्म ए’खाली विहीर फुटली. अंदाजे ८०,००० ते १,००,००० बॅरल तेल समुद्रात आले. हजारो समुद्रपक्षी मेले. मोजता आले तेवढेच साडेतीन हजारांच्या वर. येथेही रसायने आणली गेली, तरंगते बांध टाकले गेले आणि लाटांनी ते मोडले. शेवटी ज्या वस्तूवर भिस्त ठेवावी लागली ती आसपासच्या शेतांत गंजीगंजीने पडून होती : पेंढा.

यंत्रांनी तो फवारला गेला, माणसांनी हातांनी पसरला. येणारी लाट तेल घेऊन पेंढ्यावर आदळे, पेंढा काळा पडे, मग दाताळ्यांनी तो ओढून ढीग करायचे आणि ट्रकमध्ये भरायचे. हे काम करणाऱ्यांत राज्याच्या तुरुंग-छावण्यांतले कैदी मोठ्या संख्येने होते. अमेरिकेतल्या पर्यावरण चळवळीचा जन्म या गळतीत झाला, असे सांगितले जाते आणि ते बरोबरही आहे. राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर १ जानेवारी १९७० रोजी सही झाली आणि त्याच वर्षी २२ एप्रिलला पहिला वसुंधरा दिन साजरा झाला. त्या जन्मकथेत तेलाने माखलेला पक्षी आहे, संतप्त नागरिक आहेत, कंपनीचे अधिकारी आहेत. दाताळे घेतलेला कैदी आणि त्याच्या पायांशी पडलेला काळा पेंढा फक्त छायाचित्रांच्या कडेला उरला आहे.

दोन वर्षांनी, १८ जानेवारी १९७१च्या पहाटे, सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली दाट धुक्यात एकाच कंपनीची दोन तेलवाहू जहाजे एकमेकांवर आदळली. सुमारे ८,००,००० गॅलन जहाजी इंधन सांडले. या वेळी कोणाच्या आदेशाची वाट न पाहता हजारो तरुण किनाऱ्यावर आले आणि त्यांनी पुन्हा पेंढाच पसरला. बोलिनासच्या गावकऱ्यांनी हाती लागेल त्या ओंडक्यांचा तरंगता बांध रचून आपली खाडी वाचवण्याची धडपड केली.

थोडक्यात, १९७१पर्यंत जगाजवळ दोन अनुभव होते. एक डिटर्जंटचा, तो मोजून महाग पडल्याचे सिद्ध झाले होते. दुसरा पेंढ्याचा, तो कष्टाचा आणि गबाळा होता, पण त्याने तेल खरोखर पाण्याबाहेर काढले होते. सरळ बुद्धीचा माणूस दुसरा अनुभव घेऊन त्यातले दोष दुरुस्त करायला बसला असता.

दोष होते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पेंढ्याची काडी वरून मेणचट असते आणि आतून पोकळ. मेणाला तेल चिकटते, पोकळीत ते केशाकर्षणाने चढते. म्हणूनच पाण्यावर तरंगणारी काडी आधी तेल धरते. परंतु काडीच्या आतला सेल्युलोज पाण्याचाही तितकाच लोभी असतो. बराच वेळ पाण्यात राहिली की काडी पाणी पिते, जड होते आणि तेलासकट बुडते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मते पेंढा, भुसा, मक्याच्या कणसाचा चुरा यांसारखे नैसर्गिक शोषक स्वतःच्या वजनाच्या ३ ते १५ पट तेल धरतात, तर कृत्रिम शोषक ७० पटींपर्यंत. शिवाय सुटा पेंढा लाटांबरोबर पांगतो, तेल उपसणाऱ्या यंत्रांच्या तोंडात अडकतो आणि शेवटी तेलाने भिजलेल्या कचऱ्याचे डोंगर उरतात.

हे सारे आक्षेप खरे आहेत. पण यांतला कोणता आक्षेप असाध्य आहे? पांगणे थांबवायला पेंढा जाळीच्या किंवा गोणपाटाच्या लांब पिशवीत शिवावा लागतो. पाणी पिणे कमी करायला त्याला भाजावे लागते किंवा ॲसिटिक अनहायड्राइडने त्याच्या सेल्युलोजचे पाण्यावरचे प्रेम मोडावे लागते. गेली कित्येक दशके प्रयोगशाळा हेच करत आहेत. कापसाच्या धाग्यावर तर निसर्गतःच मेण असते. टेक्सास टेक विद्यापीठातल्या संशोधनात कापड गिरणीला नको असलेल्या अपरिपक्व कच्च्या कापसाने स्वतःच्या ३० पटींहून अधिक तेल धरले. विदर्भातला शेतकरी ज्याला कवडी कापूस म्हणून हलक्या भावाने देऊन टाकतो, तोच याचा भाऊबंद. पांढऱ्या सावरीचा पोकळ धागा याहूनही पुढे जातो. भिजलेला कचरा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतो. तेलात भिजलेली काडी जळायला कुरकुरत नाही.

आणि ७० पट धरणारा कृत्रिम शोषक म्हणजे काय? बहुधा पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे खनिज तेलातूनच काढलेले प्लास्टिक. तेल सांडले म्हणून तेलाची दुलई विकत घ्यायची आणि वापर झाल्यावर तीही कचऱ्यात टाकायची. कचऱ्याचे डोंगर तिथेही उरतातच, फक्त ते कुजत नाहीत. पेंढ्यावर कचऱ्याचा आक्षेप घेणारे या दुलईच्या वेळी गप्प का बसतात?

दुरुस्ती पेंढ्याची झाली नाही, रसायनाची झाली. १९६७च्या विषारी डिटर्जंटची जागा कमी विषारी ‘डिस्पर्संट’नी घेतली. नाव बदलले, घटक सुधारले, मूळ कल्पना तीच राहिली : तवंग फोडा आणि पाण्यात मिसळा. येथे न्यायाने एक गोष्ट नोंदवली पाहिजे. खोल, खुल्या समुद्रात, जिथे तवंग पक्ष्यांच्या थव्याकडे किंवा किनाऱ्याकडे सरकतो आहे आणि हाताशी वेळ नाही, तिथे डिस्पर्संट हा दोन वाइटांतला कमी वाईट पर्याय असू शकतो. कोणत्याही शहाण्या माणसाने हे नाकारू नये. परंतु त्याला ‘सफाई’ म्हणू नये, इतके तरी भाषेचे भान हवे. केर गालिच्याखाली सारणे कधी कधी अपरिहार्य असते, पण त्याला झाडलोट म्हणत नाहीत.

रसायनाचा एक गुण मात्र निर्विवाद आहे. ते पिंपात मिळते, विमानातून फवारता येते, त्याचे बिल बनते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात समुद्र निळा दिसतो. पेंढा यांपैकी काहीच देत नाही. पेंढा तेल दाखवतो. काळ्या पेंढ्याचा प्रत्येक ट्रक म्हणजे किती तेल सांडले याची चारचौघांसमोर मांडलेली मोजणी असते, आणि नुकसानभरपाई ज्याला द्यायची आहे त्याला अशी मोजणी आवडत नाही.

२० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ फुटले. ११ कामगार मेले. सरकारी अंदाजाने ४९ लाख बॅरल तेल ८७ दिवस वाहत राहिले. विहीर बीपीची, आणि १९६७प्रमाणेच येथेही भर रसायनावर : सुमारे १८,४०,००० गॅलन डिस्पर्संट, त्यातले बरेचसे थेट समुद्रतळाशी, विहिरीच्या तोंडावर सोडलेले. २० मे रोजी पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला कमी विषारी पर्याय शोधण्यास बजावले. कंपनीने ‘कोरेक्सिट’च चालू ठेवले. गंमत अशी की हेच कोरेक्सिट ब्रिटनच्या मान्यताप्राप्त यादीतून दशकभरापूर्वीच बाहेर पडले होते. ते नापास झाले होते खडकाळ किनाऱ्याच्या चाचणीत, आणि ती चाचणी घेतली जाते लिंपेटवर. कॉर्नवॉलच्या त्या टोपीवाल्या प्राण्याने आपली साक्ष पुन्हा एकदा दिली होती. (ती चाचणी खुल्या समुद्राची नव्हे, हेही खरे. पण आखातालाही किनारा आहेच.)

त्याच उन्हाळ्यात फ्लोरिडातल्या एका ठेकेदाराच्या माणसांनी पातेल्यात पाणी, तेल आणि मूठभर वाळलेले गवत घेऊन प्रात्यक्षिक दाखवले आणि ती चित्रफीत जगभर फिरली. पाहणारे थक्क झाले. सांता बार्बराची चार दशके जुनी छायाचित्रे कोणालाच आठवली नाहीत. त्याच सुमारास देशभरातल्या केशकर्तनालयांतून केस गोळा करून पायमोज्यांत भरले गेले. चाचणीत केसांचे ते बांध पाणी पिऊन बुडू लागले आणि अधिकाऱ्यांनी ते नाकारले. तो नकार योग्यच होता. भाबडेपणा हा रसायनविक्रेत्यांचा सर्वांत चांगला मित्र असतो. एक कच्चा प्रयोग फसला की साऱ्या नैसर्गिक शोषकांना ‘हौशी लोकांचे खूळ’ ठरवणे सोपे जाते.

हौशी नसलेल्या, पोटासाठी समुद्रावर अवलंबून असलेल्या लोकांनी हेच काम कसे केले, ते दहा वर्षांनी मॉरिशसमध्ये दिसले.

२५ जुलै २०२० रोजी ‘वाकाशिओ’ हे मालवाहू जहाज मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, पॉइंट देस्नीजवळच्या प्रवाळावर चढले. जहाजात सुमारे ३,९०० टन इंधन होते. बारा दिवस ते तसेच उभे होते. ६ ऑगस्टला इंधन गळू लागले आणि सुमारे १,००० टन प्रवाळी खाडीत आले. माहेबूरच्या किनाऱ्यावर लोक जमले. त्यांच्याकडे विमाने नव्हती, डिस्पर्संट नव्हते. ऊस होता. उसाचे वाळलेले पाचट कापडाच्या लांब नळ्यांत ठासून, तरंगावे म्हणून रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या बांधून, त्यांनी रात्रंदिवस बांध शिवले आणि होड्यांनी ओढून समुद्रात नेले. सरकारने हे काम यंत्रणांवर सोपवून घरी जाण्यास सांगितले. लोक गेले नाहीत.

या बेटावर ऊस कोणी लावला, हे मराठी वाचकाला सांगायला हवे. १८३४पासून गिरमिटावर भारतातून नेलेल्या मजुरांनी, ज्यांत कोकणातून गेलेले मराठी कष्टकरीही होते. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणून ओळखले जातात आणि गणेशोत्सव करतात. ज्या पाचटाच्या धारेने त्यांच्या पूर्वजांचे हात कापले, तेच पाचट २०२०मध्ये खाडी वाचवायला बेटावरच्या सगळ्याच लोकांच्या कामी आले. आणि १९६९चे दोन मुख्य दोष, पांगणे आणि गोळा न होणे, या लोकांनी कोणत्याही प्रबंधाविना शिवणाच्या सुईने दूर केले होते. सगळे तेल त्यांनी अडवले, असा दावा करण्याची गरज नाही. पहिल्या दिवसांत, जेव्हा तवंग अजून पातळ होता आणि बाहेरची मदत पोचायची होती, तेव्हा बांध समुद्रात होते, एवढे पुरे आहे.

ही पहिल्या दिवसांची गोष्ट नेहमी निसटते. सांडलेले तेल तासागणिक बदलते. हलका भाग उडून जातो, उरलेल्यात लाटा पाणी घुसळतात आणि त्याचा घट्ट, तपकिरी, लोण्यासारखा गोळा होतो. अशा गोळ्याला ना काडी शोषते ना पॉलिप्रॉपिलीन. म्हणून ‘किती पट धरतो’ या प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा ‘किती तासांत पोचतो’ हा आकडा मोठा आहे. परदेशातून मागवलेला ७० पटींचा शोषक चौथ्या दिवशी उतरणार असेल आणि ५ पटींचा पेंढा चार तासांत येणार असेल, तर समुद्राच्या दृष्टीने पेंढा वरचढ ठरतो.

आणि आता मुंबई. ७ ऑगस्ट २०१०च्या सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे धडकली. ‘चित्रा’ कलंडली, कंटेनर समुद्रात कोसळले आणि सुमारे ८०० टन इंधन तेल सांडले. पावसाळी वारे आणि भरती-ओहोटी यांनी ते उरणपासून अलिबागपर्यंतच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत नेले. तटरक्षक दलाने तत्परतेने डिस्पर्संट फवारले. १९९६च्या राष्ट्रीय आराखड्यानुसार ती जबाबदारी त्यांचीच आहे. पण उथळ खाडीत, खारफुटीच्या मुळांशी डिस्पर्संट वापरू नये हे जगभर मान्य आहे, आणि तेल जाऊन बसले नेमके तिथेच. चिखलातून वर डोकावणारी श्वासमुळे काळी झाली. नारळी पौर्णिमा १७ दिवसांवर होती. मासे खाऊ नका असे सांगितले जात असताना कोळीवाड्यांत नव्या हंगामाची तयारी चालली होती.

येथे एक साधा हिशेब मांडून पाहावा. पेंढा किंवा पाचट वजनाच्या पाचपट तेल धरते असे मानले तर ८०० टनांसाठी १६० टन लागेल. तिप्पटच धरते असे कंजूषपणे मानले तरी सुमारे २७० टन. ऊस तुटल्यावर हेक्टरी ८ ते १० टन पाचट शेतात उरते. म्हणजे ‘चित्रा’चे सगळे तेल हाती लागले असते असे धरूनही, फार तर ३५ हेक्टरांचे पाचट पुरले असते. महाराष्ट्रात उसाचे क्षेत्र लाखो हेक्टर आहे आणि तोडणीनंतर कितीतरी शेतांत पाचटाला काडी लावली जाते. ‘शेतातून पाचट हलवले तर जमीन उपाशी राहील’ हा आक्षेप एरवी अगदी रास्त असतो. ३५ हेक्टरांपुढे तो टिकत नाही. चिपाडाचे वेगळे आहे. ते कारखान्याच्या बॉयलरला लागते, त्याला टाकाऊ म्हणणे आता चूक. पण पाचट, रायगड-रत्नागिरीतल्या पेंढ्याच्या उडव्या, भातगिरण्यांबाहेरचे तुसाचे ढीग आणि कोकणातल्या प्रत्येक नारळाचे सोडण यांना बंदरात पोचायला एक रात्र लागते.

देशात याची जाण अजिबात नाही, असेही नाही. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने विकसित केलेल्या ‘ऑइलझॅपर’मध्ये तेल खाणारे जिवाणू असतात, आणि ते ज्यावर बसवून नेतात ती पूड मक्याच्या दाणे काढलेल्या कणसांची. म्हणजे काडीकचऱ्याला प्रवेश मिळाला, पण जिवाणूंचे वाहन म्हणून. त्याला स्वतःचे काम अजून मिळालेले नाही.

ते मिळण्यासाठी नव्या ‘क्रांतिकारी शोधा’ची गरज नाही. गोणपाटाच्या नळ्या, त्यांत दाबून भरलेले कोरडे पाचट, तरंगायला बंद डबे, ओढायला कोळ्यांच्या होड्या आणि खारफुटीत शिरणाऱ्या प्रत्येक खाडीच्या तोंडाशी बांध कुठून कुठे बांधायचा याचा आधी काढलेला नकाशा. बंदरांनी आपल्या साठ्यात हे ठेवावे आणि कोळीवाड्यांना त्याचा सराव द्यावा. खर्च एखाद्या आयात केलेल्या यंत्राच्या देखभालीइतकाही होणार नाही, आणि कदाचित म्हणूनच त्याची निविदा निघत नाही. अडचण उरते ती एकच, वेळापत्रकाची. मुंबईच्या समुद्रात धोका जास्त तो पावसाळ्यात, आणि तेव्हा ऊस शेतात हिरवा उभा असतो, पेंढा भिजलेला असतो. पाचटाच्या कोरड्या गोण्या गळीत हंगाम संपता संपता, एप्रिलातच, बंदरावरच्या गोदामात पोचलेल्या असाव्या लागतात.